दहा मिनिटांचा बिघाड

तो बिघाड दहा मिनिटांचा होता. हे मी आधीच लिहून टाकतो, कारण पुढे लिहिता लिहिता मी स्वतःची बाजू घेऊ लागेन आणि नेमकी हीच गोष्ट मागे पडेल. टीव्हीच्या पिक्चर ट्यूबमागच्या छोट्या पाटीवर एका ठिकाणचा डाख सुटला होता. सोल्डरिंग गन टेकवली, थेंबभर कथील सोडलं की झालं. त्याच संध्याकाळी झालंही. तरी तो टीव्ही मी दोन महिन्यांहून जास्त काळ माझ्या दुकानात ठेवून घेतला.

नव्वदच्या दशकाच्या मधली वर्षं होती ती. माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान कापूरहोळला होतं, हायवेवरून भोरचा रस्ता फुटतो तिथे, एका ढाब्याच्या आणि पंक्चरवाल्याच्या मध्ये. घर भोरात. अब्बा भोरात घड्याळं दुरुस्त करायचे. त्यांच्या हाताला बारीक कामाची सवय होती, ती माझ्याकडे आली. त्यांचा शब्द पाळण्याचा स्वभाव मात्र आला नाही.

टीव्ही होता वेल्ह्याच्या एका काकांचा. तहसील कचेरीतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले, गाव वेल्ह्याच्याही पुढे, तोरण्याच्या पायथ्याची एक वाडी. मुलगा फौजेत होता. त्याने कॅन्टीनमधून रंगीत टीव्ही आणून दिला होता, आईसाठी. काकू गोठ्यात घसरून पडल्या होत्या आणि खुबा मोडून खाटेवर होत्या. दिवाळीच्या सुमारास मीच तिथे जाऊन अँटेना बसवून आलो होतो. डोंगर आड येतो म्हणून दोन बांबू एकाला एक बांधून उंच केलेली, बूस्टर लावलेली. काकूंना मान न वळवता दिसावं म्हणून खाट कुठे आणि टीव्ही कुठे, हेही मीच ठरवून दिलं होतं. म्हणजे मला सगळं माहीत होतं. पुढे जे केलं ते माहीत असून केलं.

काकांनी तो टीव्ही गोधडीत गुंडाळून, दोन एसट्या बदलून, मांडीवर धरून आणला होता. आठवडाभराने न्यायला यायचं ठरलं.

त्या दिवसांत रविवारी सकाळी एक मालिका लागायची. जादूची, राजाराण्यांची. एका चेटकिणीने राजपुत्राची सावली चोरून तांब्याच्या कलशात कोंडली होती आणि ती परत मिळवण्यासाठी राजपुत्र सात राज्यं फिरत होता. काकांचा टीव्ही दुरुस्त झाला त्यानंतरच्या रविवारी मी दुकान उघडून तो लावला. टेस्टिंग म्हणून. असं प्रत्येक मेकॅनिक करतो, त्यात काही गैर नाही. पण चित्र इतकं सुरेख आलं की ढाब्यावरचे ट्रकवाले चहाचे ग्लास घेऊन दारात उभे राहिले. मग पंक्चरवाला आला, मग एसटीची वाट बघणारे. पंचवीस-तीस माणसं माझ्या दुकानासमोर. कुणी म्हणालं, "मिस्त्री, जरा आवाज वाढवा." मला तोवर कुणी अहो-जाहो करत नव्हतं. मी सव्वीस वर्षांचा होतो, दुकान चालत नव्हतं, घरी मला फारसं कुणी विचारत नव्हतं. त्या अर्ध्या तासात मी कुणीतरी होतो.

सोमवारी काका आले. त्यांना काकूंच्या औषधासाठी दर सोमवारी भोरला जावं लागायचं आणि कापूरहोळला गाडी बदलावी लागायची.

"झाला का रं मिस्त्री?"

मी टीव्हीचं मागचं झाकण काढून ठेवलं होतं. आतल्या तारा बघितल्या की गिऱ्हाईक प्रश्न विचारत नाही, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं.

"काका, एलओटी गेलाय. मोठा पार्ट असतो. पुण्याहून मागवलाय."

"येऊ दे की मग. घाई न्हाई." ते बाकावर टेकले. "पर काल काय झालं त्ये तरी सांग. आमच्या वाडीत टीव्ही ह्यो एकच. मोकळ्या हातानं गेलो तर ती मला घरात घ्यायची न्हाई."

"काल?"

"सावलीचं रं! तू बघत न्हाईस व्हय?"

"बघतो ना. घरी. आमचा ब्लॅक अँड व्हाईट आहे." हे वाक्य का जोडलं, मला आजही सांगता येत नाही. कुणी विचारलं नव्हतं.

मी गोष्ट सांगितली. चेटकीण नदीपलीकडच्या किल्ल्यात पोहोचली आणि तिने राजाला कैद केलं. काका डोळे मिटून ऐकत होते, शाळेत पाठांतर करतात तसे ओठ हलवत. मग गाडी आली, गेले.

पुढच्या सोमवारी बाकावर टेकायच्या आधीच म्हणाले, "ती म्हनती, मिस्त्रीला इचार. चेटकिनीला वाहतं पानी वलांडता येत न्हाई, आसं पयल्या-दुसऱ्या खेपेलाच सांगितलं व्हतं. मंग नदीपल्याड ती गेली कशी?"

तीस माणसांनी तो भाग बघितला होता, एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही. मालिकेत त्याचं काही उत्तर नव्हतं, लिहिणारे आपणच घातलेली अट विसरून गेले होते. हे मी सरळ सांगायला हवं होतं. पण ज्या बाईचा टीव्ही मी दाबून ठेवला होता, तिला निदान गोष्ट तरी नीट द्यावी असं वाटलं.

"त्या दिवशी नदी आटली होती, काका."

"आस्सं."

त्यापुढचा सोमवार. "ती म्हनती, नदी आटली व्हती तर राजपुत्र नावेतनं कसा आला? नाव काय डोक्यावर घिऊन आला?"

आम्ही दोघंही हसलो. मी म्हटलं, "चेटकिणीने वटवाघळाचं रूप घेतलं आणि वरून उडून गेली." काका म्हणाले, "ह्ये पटंल तिला." आणि पटलं.

असं सुरू झालं. मी रविवारी मालिका बघायचो ती काकूंच्या डोळ्यांनी. आता त्या काय विचारतील, याचा अंदाज घेत. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर टिपून ठेवायचो. सेनापतीची पट्टी डाव्या डोळ्यावर होती ती उजव्यावर आली. वाड्यात शिरताना घोडा पांढरा, बाहेर पडताना तांबडा. चेटकीण आगीत पडून मेली आणि दोन रविवारांनी पुन्हा हजर. आणि सावली तर दर रविवारी. सावली नसलेला राजपुत्र भिंतीजवळून चालायचा आणि दिव्यांच्या उजेडात त्याची चांगली ठसठशीत सावली भिंतीवर पडायची. ढाब्याचा मालक ओरडायचा, "आरं मिस्त्री, सावली चोरलीया म्हनं! मंग भितीवर काय त्येचा बा हुभा हाय?" सगळे हसायचे. मी हसायचो नाही. उद्या काय सांगायचं, याची मला चिंता असायची.

चेटकीण परत आली तेव्हा काकूंचा निरोप होता, "येकदा मेली ती मेली. आसं परत यायला लागलं तर मरनाऱ्याची कुनाला भीतीच ऱ्हानार न्हाई." मी कॅलेंडरवरच्या टिपा वरखाली बघत राहिलो. काकांनाच माझी अडचण जाणवली असावी. म्हणाले, "ऱ्हाऊ दे. ती दिसभर पडून आसती, तिला लई सुचतं."

दरम्यान माझी स्वतःची गोष्टही पुढे सरकत होती. तिसऱ्या आठवड्यात मी सांगितलं, पार्ट आला. चौथ्यात, बसवला, पण सेटिंग बाकी आहे. पाचव्यात, पुण्याहून एक माणूस सेटिंगला यायचाय. काकांनी कधी आवाज चढवला नाही. एकदाच टीव्हीच्या उघड्या पाठीकडे बघून म्हणाले, "बिचाऱ्याला थंडी वाजत आसंल, झाकन तरी लाव." मला तोंड वर करता आलं नाही. त्या शनिवारी टीव्ही घेऊन वेल्ह्याला जायचं मी पक्कं ठरवलं. शनिवारी संध्याकाळी ढाब्याच्या मालकाने उद्यासाठी चार बाकडी आणून टाकली. मी गेलो नाही.

एका रविवारी राणी नदीकाठी उभी राहून राजाशी बोलत होती. तिच्या अंगावर निळा शेला होता. बोलता बोलता तिने मान वळवली आणि शेला हिरवा झाला. पुन्हा समोर बघितलं तेव्हा निळा. मी कॅलेंडरवर लिहिलं आणि सोमवारी काकांना सांगितलं. काकू विचारतील त्याआधीच आपण दाखवून द्यावं, एवढीच हौस होती.

"म्हंजी शिवनाऱ्यानं घोळ घातला म्हन की," काका म्हणाले.

पण काकूंना तसं वाटलं नाही. पुढच्या खेपेला काका अगदी गुपित सांगावं तसे वाकून बोलले. "ती म्हनती, राण्या दोन हायेत. निळ्या शेल्याची खरी. हिरव्याची चेटकीन, राणीचं सोंग घेतल्याली. म्हनून तर ती परत आली. ती मेलीच नव्हती, राणीत शिरली व्हती. बघ, शेवटाला ह्येच निघतंय."

मी थक्क झालो. एवढ्या एका रंगावरून त्या बाईने नदी, आग, मरण, सगळी भोकं बुजवली होती. मालिका लिहिणाऱ्यांना जे जमलं नव्हतं ते तिने वेल्ह्याच्या डोंगरात खाटेवर पडून केलं होतं, मालिका न बघता. मला मनापासून वाटलं, शेवट असाच असावा. आणि तो तिला तिच्या स्वतःच्या टीव्हीवर, रंगात दिसावा. शेवटचे दोन भाग उरले होते. या वेळी मी बाकडी परत पाठवली. रोजे सुरू झाले होते. सोमवारी काका आले की त्यांच्यासोबत टीव्ही घेऊन जायचं मी ठरवलं.

शेवटून दुसरा भाग बघायला मात्र मी रविवारी दुकान उघडलं. शेवटचं एकदा. पाच मिनिटं झाली असतील, हायवेपलीकडच्या विजेच्या डीपीत मोठा आवाज झाला, बल्ब एकदम लख्ख झाले आणि टीव्हीच्या मागून धूर आला. मी प्लग ओढला तोवर उशीर झाला होता. झाकण काढून बघितलं. एलओटी जळाला होता.

काका सोमवारी आले. मी त्यांना सांगितलं, "काका, एलओटी गेलाय." या वेळी ते खरं होतं आणि वाक्य तेच होतं.

"त्यो तर आला व्हता न्हवं? बसवला व्हतास की."

"तो डुप्लिकेट निघाला."

काकांनी मान हलवली. "आता शेवट यायचा येत्या आयतवारी. ती लई आशेवर हाय, मिस्त्री."

मंगळवारी पुण्याला गेलो, गुरुवारी पुन्हा गेलो. त्या मॉडेलचा पार्ट कुणाकडेच नव्हता, मागवावा लागेल म्हणाले. दोन महिने मी हेच खोटं सांगत होतो. आता पुण्याचे दुकानदार मला तेच शब्दाला शब्द ऐकवत होते आणि मी त्यांना हात जोडत होतो.

शेवटी रविवारी पहाटेच्या गाडीने मी आमच्या घरचा ब्लॅक अँड व्हाईट टीव्ही घेऊन वेल्ह्याला निघालो. गोधडीत गुंडाळून, मांडीवर धरून. अम्मीने विचारलं, कुठे नेतोस. म्हटलं, एका आजारी बाईला दाखवायला. तेवढं एक वाक्य त्या दिवशी पूर्ण खरं बोललो.

काकूंना मी दिवाळीनंतर पहिल्यांदाच बघत होतो. खाटेत खूपच लहान दिसत होत्या. पण डोळे तल्लख. "आलास व्हय गोष्ट सांगनारा," म्हणाल्या. "च्या ठेवते म्हनलं आसतं, पर उठता येत न्हाई आन तुझा रोजा आसंल." मी अँटेना जोडली. काका छपराबाहेर जाऊन बांबू फिरवत होते, मी आतून ओरडत होतो, "थोडं डावीकडे! बस, बस!" पडद्यावरच्या मुंग्यांमधून चित्र वर आलं. वाडीतली दहा-बारा माणसं आत येऊन बसली.

शेवटचा भाग सुरू झाला. कलश फुटला, सावली उडत आली आणि राजपुत्राच्या पायाला चिकटली. त्याआधीही ती तिथेच दिसत होती, पण कुणी काही म्हणालं नाही. मग राणी आली. काकूंनी हाताने सगळ्यांना गप्प केलं. राणी दरबारात बोलायला लागली, मान वळवली, पुन्हा समोर बघितलं.

"आता ही निळी का हिरवी?" काकूंनी मला विचारलं.

मी पडद्याकडे बघितलं. शेला राखाडी होता. मान वळवली तरी राखाडी.

"ह्यात कळत नाही, काकू. ब्लॅक अँड व्हाईट आहे."

"व्हय, त्ये दिसतंय." त्या पडद्याकडेच बघत होत्या. "तुमच्या घरचा ह्योच न्हवं?"

"हो."

"मंग तवा तुला कळलं कसं? निळा आन हिरवा? घोडा तांबडा?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता, संशयही नव्हता. नदी आटली तर नाव कशी आली, हे जसं विचारलं होतं तसंच हे विचारलं. गोष्टीत एक भोक दिसलं होतं आणि त्यांना ते बुजवून हवं होतं. मी रोज्यात होतो आणि खोलीतली सगळी माणसं टीव्हीकडे बघत होती. आत्ता सांगावं असं वाटलं. तोंड उघडलंही.

"शेजाऱ्याकडं बघितलं आसंल त्यानं," दारातून काका म्हणाले. "भोरात रंगीत टीव्ही काय कमी हायेत?" ते माझ्याकडे बघत नव्हते. अँटेनाची वायर खिळ्याला गुंडाळत होते.

"हो," मी म्हटलं. "शेजारी."

काकूंनी गोधडी गळ्यापर्यंत ओढून घेतली. मग म्हणाल्या, "बरं."

मालिका संपली. लग्न लागलं, फुलं पडली. राणीचं काय झालं ते कुणी सांगितलं नाही. एक होती की दोन, कुणाला काही पडलंच नव्हतं. वाडीतली माणसं उठून गेली. काकूंनी भिंतीकडे तोंड केलं होतं. मी टीव्ही गुंडाळला.

पार्ट महिन्याभराने मिळाला. टीव्ही मी स्वतः पोहोचवला. लावला तेव्हा शेतीचा कार्यक्रम चालू होता. काकू म्हणाल्या, "रंग झ्याक आलाय," आणि डोळे मिटले. काका नंतरही सोमवारी कापूरहोळला गाडी बदलायचे. कधी दुकानात टेकायचे. मी विचारायचो, "काकू काय म्हणतात? काही विचारलंय का?" ते म्हणायचे, "न्हाई. बघत आसती." त्यांनी परत एकही प्रश्न पाठवला नाही.

दहा-बारा वर्षं गेली. मी दुकान भोरात हलवलं, लग्न झालं, केबल आली. एका चॅनेलवर दुपारी ती जुनी मालिका पुन्हा लागली. मी जेवण सोडून बघायचो. नदी आटत नव्हती, वटवाघूळ नव्हतं. मला ती खरोखर मालिकेत आहेत असंच वाटायला लागलं होतं. मग नदीकाठचा तो प्रसंग आला. राणीने मान वळवली. शेला तोच राहिला. मोरपंखी होता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. निळा म्हणा, हिरवा म्हणा, पण एकच.

माझ्यासारख्या मेकॅनिकला हे त्या वेळीच कळायला हवं होतं. पिक्चर ट्यूबमागच्या त्या पाटीवर मी एक डाख भरला होता. शेजारचा, चित्रातला निळा रंग सांभाळणारा, तो कच्चा असणार. त्याला मी हात लावून बघितला नव्हता. मधूनमधून निळा रंग सुटायचा आणि मोरपंखी हिरवा दिसायचा. नंतर एलओटी बसवताना मी सगळी पाटी नव्याने भरली, म्हणून तो दोष निघून गेला आणि मला कधी कळला नाही. मालिकेत सतराशे चुका होत्या, पण ही त्यातली नव्हती. ही माझी होती. काकूंनी अख्खी गोष्ट जिच्यावर उभी केली ती.

त्यानंतर काही दिवसांनी कामासाठी वेल्ह्याला गेलो, तेव्हा काका बाजारात भेटले. खूप वाकले होते, मला आवाजावरून ओळखलं. काकूंना जाऊन चार वर्षं झाल्याचं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, "काका, ती मालिका परत लागली होती. सावलीची."

"आरं व्वा!"

"राणी..." मी म्हटलं. पुढे सगळं सांगायचं होतं. शेला, डाख, दहा मिनिटं, बाकडी. सगळं.

काकांनी माझ्या दंडावर हात ठेवला. "दोन व्हत्या न्हवं? ती शेवटपातूर म्हनत व्हती. दाखवलं न्हाई त्या येड्यांनी, पर व्हत्या दोन."

एसटी आवाज करत वळत होती. ते माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते.

"हो, काका," मी म्हटलं. "दोन होत्या."